सारोळ्याचा ठिपका

किकवी,
१४ जानेवारी २०२४

चि. गायत्रीस आईचा आशीर्वाद, आणि तात्यांचाही धरून चाल.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे, म्हणजे आपल्या घरात हल्ली ज्याला ठीक म्हणतात तसं. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहायला बसले. तुला फोन लावला की तात्या शेजारी येऊन बसतात. त्यांच्याविषयी एक शब्द निघाला की, "कुणाला सांगतीयास? कंट्रोलरला सांगतीयास व्हय माझं?" असं म्हणून दिवसभर माझ्याशी अबोला धरतात. एसटीतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, डोक्यातून बायकापोरांची नावं गळायला लागली, पण डेपोतल्या कंट्रोलरची भीती मात्र जागच्या जागी आहे. मी लिहीत बसले तर त्यांना वाटतं अंगणवाडीचा अहवाल भरतेय. आयुष्यभर तेच करताना बघितलंय त्यांनी मला. तेव्हा तूही पत्रच लिही. सरकारी कागद आलाय असं सांगून मी निवांत वाचीन.

तात्या कुठं गेलेत ते दाखवणारं, तू पाठवलेलं यंत्र पोचलं. काडेपेटीएवढं ते, पण गळ्यात घालू देईनात. शेवटी तुझ्या वहिनीनं डोकं चालवलं. रत्ना म्हणाली, "तात्या, डेपोतनं तुमचा नवा बिल्ला आलाय. ह्याच्याबिगर ड्युटी न्हाई." लगेच मान पुढं केली. आता आंघोळीलासुद्धा काढत नाहीत.

आणखी एक नवीन खूळ. ताट वाढलं तरी हात लावायचा नाही, नुसतं बघत बसायचं. मी गोडीनं सांगितलं, रागावून सांगितलं, भरवून बघितलं. एक दिवस वैतागून पळी ताटाच्या काठावर दोनदा आपटली, तर हे मुकाट्यानं जेवायला लागले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय या माणसानं जन्मात गाडी हलवली नाही. आता दोन्ही वेळा ताट वाजवते. चुकून एकच ठोका पडला तर घास हातात धरून थांबतात. तुझा बाप गेला तरी नियमानंच जाणार.

यंत्राचा ठिपका तुझ्या भावाच्या, अमृतच्या आणि माझ्या मोबाईलवर दिसतो. गंमत सांगते. परवा तात्या माझ्यासमोर बसून भाकरी खात होते आणि ठिपका चालला सारोळ्याला, पार नीरेच्या पुलाजवळ. थोड्या वेळानं आला परत. यंत्रालाही यांचं वारं लागलं म्हणायचं. तुझं काम याच्यातलंच आहे ना काहीतरी? गावात विचारतात, तर मी "उपग्रहाचं" म्हणून सांगते आणि पुढचं विचारायच्या आत निघून जाते. एकदा मला कळेल असं लिही.

तुझी आई


बंगळूर,
२ फेब्रुवारी २०२४

प्रिय आई,

ताट वाजवण्याचं वाचून आधी हसले आणि मग बराच वेळ जेवले नाही.

माझं काम सांगते. आकाशातले उपग्रह सतत बोलत असतात. "मी अमुक इथे आहे, आता इतके वाजले," एवढंच. खालचं यंत्र चार-पाच जणांचं ऐकतं आणि त्यावरून आपण कुठे आहोत ते ठरवतं. पण तो आवाज फार क्षीण असतो. जत्रेत लाऊडस्पीकर चालू असताना लांबून कोणी हळू हाक मारावी, तसा. जवळ कोणी गोंगाट केला की संपलं. तर आम्ही काय करतो, लोखंडी खोलीत खोटं आकाश तयार करतो. एक मोठं यंत्र असतं, त्याला गाव, तारीख, वेळ सांगितली की ते त्या वेळचे त्या गावावरचे उपग्रह हुबेहूब वाजवून दाखवतं. मग आम्ही मुद्दाम गोंगाट मिसळतो, थोडाथोडा वाढवत नेतो, आणि बघतो की कोणतं यंत्र कधी बहिरं होतं. विमानासाठी, जहाजासाठी हे आधी माहीत असावं लागतं. खऱ्या जगात असा गोंगाट करायला बंदी आहे, म्हणून खोलीत. थोडक्यात, तुझी मुलगी दिवसभर खोट्या आकाशाखाली आरडाओरडा करण्याचा पगार घेते.

ठिपका सारोळ्याला गेला त्याची काळजी करू नकोस. आपल्या घरावर पत्रा आहे. पत्र्याखाली उपग्रहांचा आवाज पोचत नाही, मग यंत्र जवळच्या मोबाईल टॉवरची जागा सांगून वेळ मारून नेतं. घरात असताना असं होणारच. तात्या घराबाहेर पडले की ठिपका खरा धरायचा. अमृतलाही सांग.

तात्यांना माझा नमस्कार सांग. कोणाचा म्हणून विचारलं तर काहीही सांग.

गायत्री


किकवी,
२७ फेब्रुवारी २०२४

चि. गायत्री,

तुझं पत्र अमृतला वाचून दाखवलं. त्यानं फ्रीजवर चिठ्ठी लावली आहे, "घरात असतील तर ठिपका खोटा, बाहेर असतील तर खरा." येणारा-जाणारा वाचतो आणि विचारतो, हे कुणाबद्दल.

यंत्राचा उपयोग झाला बरं का. तात्या दोनदा निसटले. पहाटेची पहिली गाडी त्यांच्या अंगात भिनली आहे. एकदा ओढ्याकडे गेले, एकदा शाळेच्या मैदानात. ठिपका बघून अमृत गेला आणि घेऊन आला. "कुठं निघालाव तात्या?" म्हटल्यावर म्हणाले, "वेल्ह्याला. टाईम झाला." किकवीवरून वेल्ह्याची गाडी कधीच गेली नाही, ती नसरापूरवरून वळते, पण हे त्यांना कोण समजावणार. त्यांचं आवडतं वळण मार्गासनीचं. माझं माहेर. लग्नाआधी त्या थांब्यावर गाडी जरा जास्तच थांबायची, असं माझी भावजय अजून चिडवते.

एकदा अंगणात बसले होते तेव्हाही ठिपका सारोळ्याला गेला होता. पण पडवीचा पत्रा जवळच आहे, म्हणून मनावर घेतलं नाही.

हायवेला नवीन ढाबा झाल्यापासून गोंगाट वाढलाय. जुन्या एसटी शेडसमोर ट्रकांची रांग लागलेली असते. शेड तर आता कुणाला दिसतही नाही. थांबा पुलाखाली हलवल्यापासून तिथं कुत्रीच झोपतात.

तू दमतेस का? जेवण वेळेवर कर. तुझ्या ताटावर ठोकायला कोणी नाही तिथं.

तुझी आई


किकवी,
५ मे २०२४

चि. गायत्री,

तू आलीस, दवाखान्यात तात्यांच्या उशाशी बसलीस आणि गेलीस. त्या दिवशी काय काय झालं ते तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. तिथं सारखं कोणी ना कोणी भेटायला येत होतं, आणि तुझं तोंड बघून माझा धीर झाला नाही. आता सांगते. एकदा कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्यानं राहवणार नाही.

एप्रिलची ती सकाळ. मी उठले तर अंथरूण रिकामं आणि खुंटीवरचा खाकी शर्ट नाही. मोबाईल बघितला. ठिपका सारोळ्याला, पुलाच्या अलीकडे. अमृतला उठवलं. तो म्हणाला, "आई, एवढ्या लांब कसं गेलं तात्या?" मी म्हटलं, "कुणाच्या तरी गाडीवर बसलं असतील." पांढऱ्या मिशीच्या खाकीवाल्यानं हात केल्यावर कोणीही थांबतंच की. अमृतनं फ्रीजवरची चिठ्ठी बघितली, मीही बघितली. घराबाहेर आहेत, म्हणजे ठिपका खरा. तो मोटरसायकल घेऊन सुटला.

सारोळ्याला सगळे ढाबे, टपऱ्या, देऊळ पालथं घातलं. कोणी बघितलं नव्हतं. ठिपका मात्र तिथून हलेना. दुपारपर्यंत आपल्या गावची पंधरा-वीस माणसं तिकडं गेली. मग कुणीतरी म्हणालं, ठिपका हलत नाही म्हणजे माणूस हलत नाही. धरणातून पाणी सोडलं होतं, नीरा भरून चालली होती. त्यानंतर सगळे नदीकडे तोंड करूनच उभे राहिले. भोरहून पट्टीचे पोहणारे आणले. तुझ्या बापाला लोक पाण्यात शोधत होते आणि मी घरात बसून मोबाईलमधला ठिपका बघत होते. त्याच्यावर बोट ठेवून बसले होते, गायत्री. बोट उचललं तर तो जाईल असं वाटत होतं.

संध्याकाळी शेजारची सगुणाबाई सोबतीला आली. म्हणाली, "मंगल, हितं गावात बघितलं का कुणी?" मी म्हटलं, "यंत्र सांगतंय ना, तिकडं हायेत म्हणून. पोरीचं कामच हाय ते." ती बिचारी चहा टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपक्यानं एकदम उडी मारली. सारोळ्यावरून किकवीत. अमृतचा नदीवरून फोन आला, "आई, ठिपका आपल्या गावात दाखवतोय. पण येडं झालंय ते. पोहणारी मानसं अजून पाण्यात हायेत, म्या कसा यिऊ?" मी बघितलं तर ठिपका जुन्या शेडवर होता. आपल्या दारातून आंब्याचं झाड ओलांडलं, हायवे ओलांडला, की शेड. मी चप्पलही घातली नाही.

ट्रक निघून गेले होते. शेड उघडी पडली होती. बाकड्याच्या टोकाला, ड्रायव्हर बसतो त्या बाजूला, तात्या ताठ बसले होते. समोर बघत. दोन्ही हात पुढं, स्टिअरिंगवर ठेवल्यासारखे. ओठ फुटलेले, पाय सुजून चपलेत मावत नव्हते. उन्हाचा पूर्ण एक दिवस आणि त्यावर एक रात्र त्यांनी तशीच काढली होती. शेजारी चहाचा कागदी कप होता. कुणीतरी दिला असणार. कुणीतरी विचारलंही असेल, बाबा कुठं जायचंय, आणि यांनी सांगितलं असेल वेल्ह्याला. मग काय, गाडीची वाट बघणाऱ्या माणसाला कोण उठवतं?

मी हाक मारली. बघितलं नाही. हात धरून ओढलं. हलले नाहीत. मग मी बांगडीनं शेडच्या लोखंडी खांबावर दोन ठोके दिले. तेव्हा माझ्याकडे मान वळवली आणि म्हणाले, "बेल द्यायला लई येळ केलास." आणि तिथंच कलंडले.

त्यांना ठाऊक होतं त्यांना काय हवं होतं. मलाही ठाऊक होतं. जानेवारीपासून रोज दोन वेळा मी तेच करत होते. तरी मी तिथं गेले नाही, ठिपका बघत बसले.

दवाखान्यातून आणलंय. किडनीला धक्का बसला आहे असं डॉक्टर म्हणतात. बोलणं कमी झालंय. चालतात, जेवतात. बेलवरच.

तुझी आई


बंगळूर,
२९ मे २०२४

प्रिय आई,

तुझं पत्र मी प्रयोगशाळेच्या जिन्यात वाचलं. आत मोबाईल नेता येत नाही, पण पत्र नेता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी इंद्रजित सरांकडे गेले. ते आमच्या गटाचे प्रमुख. मी त्यांना एवढंच सांगितलं की रस्त्यावरच्या गोंगाटाची एक चाचणी करायची आहे. ते म्हणाले, कर. तात्यांच्या बिल्ल्यासारखाच एक बिल्ला विकत आणला, लोखंडी खोलीत ठेवला. मोठ्या यंत्राला गाव सांगितलं किकवी, तारीख सांगितली ती, आणि सारोळ्याचा एक खोटा टॉवरही लावला. त्या सकाळी आपल्या शेडवर जे उपग्रह होते ते सगळे एकेक करून उगवले. आकाश स्वच्छ होतं, आई. शेडच्या छपराखालीही ऐकू येईल इतकं. मग मी गोंगाट मिसळला. ट्रकमध्ये सिगारेट पेटवायच्या भोकात बसवायचं एक बोटभर यंत्र मिळतं. बेकायदा आहे, पण मिळतं. गाडी कुठे थांबली ते मालकाला दिसू नये म्हणून काही जण लावतात. मोबाईल चालू राहतो, त्यामुळे आजूबाजूच्या कोणाला शंका येत नाही. तेवढाच गोंगाट मी दिला. शेजारी उभ्या असलेल्या एका ट्रकाएवढा.

बिल्ला लगेच बहिरा झाला. आणि "मला ठिकाण माहीत नाही" असं काही तो बोलला नाही. त्यानं टॉवर विचारला आणि तोच लाल ठिपका तितक्याच ठामपणे लांब नेऊन ठेवला. गोंगाट बंद केला की परत शेडवर. पुन्हा चालू केला, पुन्हा लांब. मी दिवसभर तेच करत राहिले. दरवेळी तात्या शेडमध्येच असतात आणि दरवेळी ठिपका निघून जातो. खोलीत माझ्या हातात बटण आहे. मी आकाश परत आणू शकते. तो दिवस नाही आणू शकत.

आता जे लिहायचं ते लिहिते. तू जानेवारीत विचारलं होतंस. ठिपका जेवताना सारोळ्याला गेला म्हणून. फेब्रुवारीत लिहिलं होतंस की अंगणातही गेला, आणि पुढच्याच ओळीत लिहिलं होतंस की शेडसमोर ट्रक उभे असतात. आई, गोंगाट हेच माझं काम आहे. बाकी कोणी पत्रा म्हटलं असतं तर चाललं असतं. मला घर म्हटल्यावर पत्रा आठवला, कारण पत्र्यावरचा पाऊस मला आठवतो. मी किकवीचा विचार करताना शास्त्रज्ञ नव्हतेच, घरची पोर होते. आणि तुम्ही माझं शास्त्रज्ञ म्हणून ऐकलंत.

तू ठिपका बघत बसलीस, कारण मी तसं लिहिलं होतं. अमृत नदीवर गेला, कारण फ्रीजवर माझं वाक्य होतं. तुझ्या मनाला हे लावून घेऊ नकोस. हे माझं आहे.

गायत्री


किकवी,
३० जून २०२४

चि. गायत्री,

तुझं पत्र वाचून राग आला. "हे माझं आहे" म्हणे. इतकं दुःख एकटीनं उचलून न्यायला तू काय हमाल आहेस? अमृत म्हणतो त्याचं आहे, कारण ठिपका गावात आल्यावरही तो नदी सोडायला तयार नव्हता. मी म्हणते माझं आहे. घरात आता यावरून तू-तू मी-मी चालू आहे. ज्याचं खरं आहे तो पडवीत बसून कोंबड्यांना तिकीट घ्या म्हणतो.

मी ढाब्यावर गेले होते. भांडायलाच गेले होते. पदर खोचून उभी राहिले आणि विचारलं, ते भोकात बसवायचं यंत्र कोण लावतं. सगळे हसायला लागले. एकजण मात्र हसला नाही. हनुमंत नाव त्याचं, कोल्हापूरकडचा. माझ्यामागं पडवीपर्यंत आला. म्हणाला, "मावशी, मी लावतो. चहाला थांबलो तरी मालकाचा फोन येतोय. झोप अनावर होते. यंत्र लावलं की दोन घटका डोळा लागतो. त्यानं कुणाचं काय होतंय, हे आमाला खरंच ठाऊक न्हवतं." त्या दिवशी तो होता की दुसरा कोणी, हे त्यालाही सांगता येईना. तात्या पडवीत बसलेले बघितले आणि त्यानं विचारलं, "ड्रायव्हर होता काय बाबा?" तात्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "झोप झाली का? झोपेत गाडी मारू नगं."

आता या माणसाला मी काय शिव्या द्यायच्या होत्या, तूच सांग. चहा करून दिला. त्यानं यंत्र काढून टाकतो म्हणून शपथ घेतली. तो काढेल. पण त्याच्यामागं जो ट्रक उभा राहील त्यातला कुठून ओळखू? चौकीत तक्रार दिली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते दिसतं कसं?" मी म्हटलं, दिसत नाही, हाच तर त्रास आहे.

पाऊस झालाय. भात लावायला माणसं मिळत नाहीत. तुझ्या मामानं मार्गासनीहून तांदूळ पाठवलाय.

तुझी आई


बंगळूर,
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय आई,

माझ्या चाचणीचा अहवाल झाला. इंद्रजित सरांनी तो मोठ्या बैठकीत मांडायला लावला. पडद्यावर एक रेघ होती. गोंगाट वाढत जातो तशी रेघ सरळ चालते आणि एका जागी कडा तुटावा तशी खाली जाते. तो कडा म्हणजे आपली शेड. मी त्याला "नमुना दोन, रस्त्यालगतचा स्थिर वापरकर्ता" असं नाव दिलं. तिथे तात्यांचं नाव लिहिता येत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं विचारलं, हा स्थिर वापरकर्ता इतका वेळ का हलत नाही, हे गृहीतक जरा अवास्तव नाही का? मी म्हटलं, त्याला निघण्याची खूण मिळालेली नाही. लोकांना वाटलं मी विनोद केला.

बिल्ला बनवणाऱ्यांना तीन पत्रं पाठवली. पहिल्याचं उत्तर आलं, की ग्राहकांना रिकामा पडदा आवडत नाही, म्हणून ठिपका कुठेतरी दाखवावाच लागतो. बाकीच्यांचं आलं नाही.

सोबत नवीन यंत्र पाठवते आहे. तेही गोंगाटात बहिरं होतंच. न होणारं यंत्र एवढं छोटं मला कुठे मिळालं नाही. पण हे खोटं बोलत नाही. ऐकू आलं नाही तर ठिपका पुसून टाकतं आणि "ठिकाण माहीत नाही" असं लिहितं. एवढ्या वर्षांच्या शिक्षणातून मी तुला एवढंच देऊ शकते.

दिवाळीला येते. तात्या ओळखतील का?

गायत्री


किकवी,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. गायत्री,

दिवाळीत तू होतीस तोवर लिहायचं काही नव्हतं. तात्यांनी तुला "मॅडम" म्हणून खुर्ची दिली, तेव्हा तू हसलीस आणि मागच्या दारी जाऊन भांडी घासलीस. घासलेलीच भांडी होती ती. मी बघितलं.

तुझं यंत्र नेमानं चालतं. दिवसातून चार वेळा तरी "ठिकाण माहीत नाही" म्हणतं. तात्यांना विचारलं तर तेही तेच म्हणतात. घरात एवढी खरं बोलणारी मंडळी याआधी कधी नव्हती.

तुला एक सांगितलं नव्हतं. पावसाळा संपल्यापासून मी त्यांना अडवत नाही. सकाळी शर्ट घालून निघाले की मीही निघते. हायवे हाताला धरून ओलांडून देते. शेड झाडून ठेवली आहे, पाण्याची बाटली नेते. ते त्यांच्या टोकाला बसतात, मी दुसऱ्या टोकाला. ट्रक येतात, जातात. मोबाईल मी बघत नाही. माणूस शेजारी असल्यावर ठिपका कशाला लागतो? बराच वेळ झाला की मी खांबावर दोन ठोके देते, ते उठतात आणि आम्ही घरी येतो. लोक हसत असतील. हसू देत. मला वाटलं होतं, एवढं तरी माझ्या हातात राहील. सगळं गेलं तरी बेल माझ्याकडे आहे, अशी मी मनाची समजूत घातली होती.

परवा मी ठोके दिले, तर ते उठले नाहीत. मला वाटलं ऐकू आलं नाही. ट्रक चालू होते, त्यांचा आवाज होता. परत दिले. तेव्हा वळून माझ्याकडे बघितलं. रागावून नाही, अदबीनं. आडवेळेला गाडीत राहिलेल्या म्हाताऱ्या बाईशी ते जसं बोलायचे, तसं. म्हणाले, "बाई, तुमी उतरून घ्या. गाडी डेपोत चाललीया. हितनं पुढं पाशिंजर नेत न्हाई आमी."

मी म्हटलं, "अवो, म्या मंगल." म्हणाले, "व्हय, पर उतरा."

मी उतरले, गायत्री. शेडच्या बाहेर जाऊन उन्हात उभी राहिले. अमृतला फोन करून बोलावलं. तो आला, त्यांना उचलल्यासारखं करून घरी घेऊन आला. मी मागून चालत आले.

रत्नानं ताट वाढलं. ते हात न लावता समोर बघत बसले होते, रोजच्यासारखे. पळी माझ्या हातात होती. ठोकावं की नाही, मला कळेना.

तुझी आई